जोत्यावरचा मांडव

आमच्या घरातलं भिंतीवरचं घड्याळ कायम बंद असायचं आणि त्याची कुणाला अडचण होत नसे, कारण दुपार झाली की डोंगरावर भोंगा वाजायचा. भोंगा वाजला की आई कालवणावर झाकण ठेवायची, माझी मोठी बहीण वनिता फळीवरच्या काचेच्या बरण्यांना हात आडवा धरायची, आणि मी हातातलं पुस्तक मिटायचे. मग स्फोट. आधी पायाखालची जमीन हलायची, आवाज मागून यायचा, आणि सगळ्यात शेवटी धूळ. ती बारीक, पिठासारखी धूळ ओटीवर वाळत घातलेल्या जवळ्यावर बसायची. आई जवळा सुपात घेऊन पाखडायची आणि डोंगराला दोन शिव्या द्यायची. डोंगराचा काही दोष नव्हता. विमानतळ व्हायचा म्हणून त्याला फोडत होते आणि त्याच्या दगडांनी आमची खाजणं, म्हणजे खाडीकाठची दलदल, भरत होते. ज्या चिखलात आम्ही लहानपणी हातांनी निवट्या मासे धरले, तिथे आता लाल मातीचं मैदान वाढत चाललं होतं, आणि ते रोज थोडं थोडं गावाच्या जवळ येत होतं. गावाचं नाव मी लिहीत नाही. नकाशातून ते गेलं आहे आणि ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायची गरज नाही.

बाबा बंदरात क्रेनवर होते. तिथे बोटीची वाट बघत तासन् तास बसावं लागायचं म्हणून असेल, पण घरी त्यांना वाट बघणं अजिबात जमत नसे. ताट वाढायच्या आधी ते हात धुऊन बसलेले असत आणि आम्ही दुसरी भाकरी मोडेपर्यंत उठलेलेही असत. लग्नाला गेले की पहिल्या पंगतीला जेवून, नवरा मांडवात यायच्या आत परत निघालेले असत. आई म्हणायची, "यांना मरनाचं बोलावनं आलं तर हे आदीच जाऊन बसतील." अशा माणसाच्या नशिबी वाट बघणारं गाव आलं होतं. आमचं गाव कितीतरी वर्षं थांबून होतं. घरं जाणार हे नक्की होतं, कधी आणि कशाच्या बदल्यात हे नक्की नव्हतं. तोवर कुणी कौलं बदलायची नाहीत, कुणी भिंत वाढवायची नाही. एखाद्याच्या घरात छप्पर गळायला लागलं तर तो वर बघून म्हणायचा, जाऊ दे, आता काय राहिलंय. हे "आता काय राहिलंय" ऐकत मी पाचवीपासून कॉलेजपर्यंत पोचले.

त्या काळात आम्हाला समजावायला पुष्कळ लोक येऊन गेले. त्यांतले एक सर मला आवडले होते. आम्ही त्यांना नकाशावाले सर म्हणायचो. निवृत्त प्राध्यापक होते, शहरं कशी वसवतात याचा त्यांचा अभ्यास होता, आणि कुणीतरी त्यांना आमची मनं वळवायला पाठवलं होतं. त्यांचं मराठी पुण्याचं होतं, म्हणजे शुद्ध होतं आणि आमच्याकडच्या बायकांना कळत नव्हतं, म्हणून पनवेलच्या कॉलेजात जाणारी मुलगी या नात्याने मला त्यांच्या शेजारी उभं केलं गेलं. शाळेच्या वर्गात भिंतीवर चादर लावून त्यांनी चित्रं दाखवली. युरोपातली शहरं, महायुद्धात बेचिराख झालेली. छप्पर नसलेल्या भिंती, हवेत संपणारे जिने, डोक्याला फडकी बांधून विटा हातोहात पुढे देणाऱ्या बायका. सर सांगत होते की युद्ध संपल्यावर तिथल्या सरकारांपुढे प्रश्न पडला, लाखो माणसांना घरं द्यायची कशी. काही शहरांनी जुना चौक, जुन्या गल्ल्या दगडाला दगड लावून होत्या तशा उभ्या केल्या. काहींनी सगळं सपाट करून सरळ रेषेत नव्या इमारती बांधल्या, ऊन-वारा भरपूर, प्रत्येक घरात न्हाणीघर. सरांना दुसरी पद्धत शास्त्रीय वाटत होती. ते स्वतः पुण्यात पेठेतल्या बोळात राहत होते, हे मला चहा देताना कळलं. मी यात काही विसंगती आहे असं तेव्हा म्हटलं नाही. आताही म्हणत नाही, कारण मी स्वतः हे खांदा कॉलनीतल्या सातव्या मजल्यावरून लिहिते आहे आणि मला इथलं न्हाणीघर आवडतं.

चित्रं चालू असतानाच डोंगरावर भोंगा झाला. सगळ्या बायकांनी सवयीने कानांवर पदर घेतला. स्फोट झाला तशी चादर हलली आणि चादरीवरचं ते पडकं शहर पुन्हा एकदा हादरलं. सर दचकून टेबलाला धरून उभे राहिले. आमच्यातलं कुणी जागचं हललं नाही. मागून हसुराम काकांनी हात वर केला. हसुराम काका म्हणजे गावाचे पुढारी. निवडून आलेले नव्हते, पण देवीच्या देवळाला लागून पहिलं घर त्यांचं, गावातलं पहिलं बोलावणं त्यांना, आणि मोर्चातली पहिली काठीही त्यांच्याच पाठीवर.

"सर, या लोकांवर बाँब टाकला, तरी त्यांचा गाव त्यांना तिथंच परत मिलला ना?"

"काही ठिकाणी, हो."

"मंग आमच्यावर कोनी बाँब टाकला नाय, तर आमाला गाव सोरून जायाचं ते कशापायी?"

मी भाषांतर करायला तोंड उघडलं, पण सरांना कळलं होतं. त्यांनी चष्मा पुसला आणि खरं तेच सांगितलं, "याचं उत्तर माझ्याजवळ नाही." गावात त्यांच्याबद्दल चांगलं मत झालं ते त्या एका वाक्यामुळे. जाताना आईने त्यांना सुकटीची पिशवी दिली. पेठेत तिचं काय झालं, देव जाणे.

त्यानंतर गावाने देवीसमोर नारळ फोडला. सगळ्यांचं ठरेपर्यंत कुणी एकट्याने संमती द्यायची नाही. हसुराम काकांनी तर पुढे जाऊन शपथ घेतली की आमच्यासाठी आखलेल्या त्या नव्या वसाहतीत मी पाय ठेवणार नाही. बाबाही तिथे होते, त्यांनीही हात जोडले. आणि पावसाळा उलटून भात कापून झालं तशी एके सकाळी भाकरी खाता खाता ते म्हणाले, "मी सही करून आलो." आईने तवा उतरवला.

"कवा?"

"काल. जे व्हायाचंच हाय ते आदी उरकून मोकलं व्हावं. वनीचं लगीन हाय. पोरीला काय असंच गलक्या घरातून काढायची?"

"आनी गाव?"

"गाव येईल मागून. जातंय कुटं?"

पैशाचा लोभ नव्हता, भीती नव्हती, फितुरी तर नव्हतीच. त्यांना फक्त आणखी वाट बघवत नव्हती. पण हे कारण जगात कुणीही धरत नाही, आणि गावानेही धरलं नाही.

संमती देणारं पहिलं घर म्हणून आमचा समारंभ झाला. मंडप, लाल गालिचा, आणि थर्माकोलची एक किल्ली, माझ्या उंचीची, सोनेरी कागद लावलेली. भाषणात बाबांना नव्या शहराचे शिल्पकार म्हटलं गेलं. बाबा ती किल्ली दोन्ही हातांनी धरून उभे होते, वारा सुटला होता आणि किल्ली उडू पाहत होती, त्यामुळे ते तिच्याशी झुंजत होते. फोटोवाला ओरडला, "काका, हसा!" बाबा लाजले की दात दाखवायचे, तसे त्यांनी दाखवले. पंधरा दिवसांत तो फोटो वसाहतीच्या तोंडाशी फ्लेक्सवर लागला. आमच्या जुन्या घराच्या दर्शनी भिंतीपेक्षा तो फ्लेक्स मोठा होता. त्यात बाबा असे दिसत होते, जणू आयुष्यात त्यांना एवढा आनंद कधी झालाच नव्हता. गावातल्या माणसांना बाजाराला जाताना त्या फ्लेक्सखालूनच जावं लागायचं.

गाव आम्हाला काहीच बोललं नाही. बोललं असतं तर बरं झालं असतं. मासे विकणारी मावरंवाली आमच्या दारासमोरून जाताना हाळी द्यायची बंद झाली. नळावर आई गेली की बोलणी संपलेली असत. घर पाडायला माणसं आली तेव्हा चौकट उचलायला एक हात मागायची सोय नव्हती. बाबांनी आणि मी ती टेम्पोत टाकली. मागे राहिलं जोतं, काळ्या दगडाचं, आणि भोवती विटांचा ढीग. टेम्पोतून मागे बघताना मला चादरीवरचं ते शहर आठवलं. आमच्याकडे भिंतीसुद्धा उभ्या राहिल्या नव्हत्या.

नवं घर नीटनेटकं होतं. चिठ्ठ्या टाकून भूखंड वाटलेले, त्यामुळे एका बाजूला रिकामी जागा आणि दुसऱ्या बाजूला तिसऱ्याच गावातलं कुटुंब, तेही आपल्या माणसांपासून तुटून आलेलं. दोन्ही घरं एकमेकांकडे बघून उगाच हसायची. अंगण नव्हतं. दारापासून रस्त्यापर्यंत सिमेंटचे ठोकळे आणि पुढे सिमेंटचा रस्ता. स्फोट इथे दुरून ऐकू यायचा, उशी फेकल्यासारखा, तरी आई भोंग्याच्या वेळी कालवणावर झाकण ठेवायची. बाबा घरात या खोलीतून त्या खोलीत फिरत राहायचे. सगळं सगळ्यांच्या आधी उरकल्यावर करायचं काय, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

वनिताचं लग्न उरणकडच्या मुलाशी ठरलं. आमच्या गावात एक रीत होती. हळदीच्या दिवशी दारात मांडव घालायचा, आणि त्याच्या खांबांचे खड्डे घरच्या माणसाने खणायचे नाहीत. ते गावाने खणायचे. घरच्या बापाने तेवढा वेळ हात बांधून उभं राहायचं. मांडव घालायला गाव आलं म्हणजे लग्नाला गाव आलं. नाही आलं, तर पोरगी गाव नसलेल्या घरातून निघाली असं बायका जन्मभर म्हणणार, आणि सासरच्या बायका तर ते पहिल्याच भांडणात म्हणणार. माझ्या मामेभावाने तोडगा काढला, डेकोरेटरचे लोखंडी पाइप आणू, वाळू भरलेल्या डब्यांत उभे करू, खड्ड्यांचा प्रश्नच नाही. आईने त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं की तो पाणी प्यायला आत गेला.

आई बोलावणं करायला निघाली, मला घेऊन. ताटात हळदकुंकू, अक्षता, सुपारी. पहिलं घर हसुराम काकांचं. ते ओटीवर जाळं विणत बसले होते. खाजण बुजवलं गेलं होतं, जाळं टाकायला पाणी उरलं नव्हतं, पण विणत होते. आईने खाली ताट ठेवलं. त्यांनी काकूंना पाणी आणायला सांगितलं आणि बराच वेळ गाठ मारत राहिले.

"सुंद्रा, पोरगी माजी पन हाय. तिला खांद्यावर घेऊन जत्रंत फिरवलीय मी. पन त्या कालनीत पाय ठेवनार नाय म्हनून देवीसमोर बोल्लोय. आता तूच सांग, एका हलदीपायी शपथ सोरू?"

"मी कशी सांगू, दादा?"

"बाल्यानं मातर सोरली." बाळाराम हे बाबांचं नाव. हसुराम काका लहानपणापासून त्यांना बाल्या म्हणत. आता म्हटलं त्यात ते लहानपण नव्हतं.

आईने उंबऱ्याला कुंकू लावलं आणि आम्ही पुढच्या घरी गेलो. प्रत्येक घरी पाणी मिळालं, प्रत्येक घरी एकच प्रश्न आला, "हसुरामदादा काय बोल्ला?" आणि उत्तर ऐकून प्रत्येक घर म्हणालं, "बघू." आमच्याकडे "बघू" म्हणजे नाही, फक्त माणूस चांगला असेल तर तो तसं म्हणतो.

घरी आल्यावर आई ताट घेऊन तशीच बसून राहिली. बाबा फिरत होते. वनिता पनवेलला एका लॅबमध्ये काम करायची, दिवसभर लोकांचं रक्त काढायची, त्यामुळे दुसऱ्याच्या घाबरण्याचा तिच्यावर फारसा परिणाम होत नसे. तिने डबा घासता घासता म्हटलं, "मंग हलद तिकरं लावा. आपल्या जोत्यावर."

बाबा थांबले. "तिथं घर कुटं हाय?"

"जोतं हाय ना. घर नाय तर नाय. हसुराम काकांना कालनीत यायला नको, आपन तिकरं जाऊ."

डेकोरेटरने यायला साफ नकार दिला, पाडलेल्या गावात माझं सामान जप्त झालं तर कोण सोडवणार म्हणून. वासे मामाने दिले. मांडवाला बांधायची उंबराची फांदी बाबा कर्नाळ्याच्या बाजूच्या एका नातेवाइकाकडून घेऊन आले, नेहमीप्रमाणे एक दिवस आधी, त्यामुळे ती रात्रभर बादलीत ठेवावी लागली. जागेवर पहारेकरी होता, बिहारकडचा तरुण मुलगा. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "शादी है तो कर लो, चाची. बस ज़मीन मत खोदना, साहब लोग नाराज़ होंगे." समोर अर्धा डोंगर गायब होता. मी तिकडे पाहिलं, मग त्यानेही तिकडे पाहिलं आणि तो स्वतःच हसायला लागला. मग पाठ करून दुसरीकडे जाऊन बसला.

हळदीच्या दिवशी आम्ही सकाळीच जोत्यावर गेलो. आईने दगड शेणाने सारवले, चुलीच्या जागी चूल मांडली, वालाचं बिरडं आणि वड्यांचं पीठ सोबत आणलं होतं. ताराआत्या आली होती. ती आमच्या गावची धवलारीण, म्हणजे लग्नातले धवले गाणारी. तिला बोलावणं आलं की नाही म्हणायचा अधिकार नाही असं तीच म्हणायची. ती एका विटांच्या ढिगावर बसून पान जुळवत होती. बाकी कुणी नव्हतं. समोरच्या बाजूला अजून न पाडलेली घरं होती आणि त्यांच्या दारांत, खिडक्यांत हालचाल दिसत होती. सगळे आम्हाला बघत होते आणि सगळे हसुराम काकांच्या ओटीकडे बघत होते. ओटी रिकामी होती. ऊन चढत गेलं. वासे जमिनीवर, पहार वाशांवर, उंबराची पानं कोमेजायला लागलेली. पिवळं पातळ नेसलेली वनिता दगडावर सरळ बसली होती, लॅबमध्ये बसते तशी.

बाबा जोत्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत होते. आई म्हणाली, "बसा." ते बसले आणि उठले. मग भोंगा झाला. आईने बिरड्यावर झाकण टाकलं. स्फोट आला, जोतं हादरलं, धुळीचा लोट डोंगरावरून सावकाश खाली उतरला आणि उघड्या वाटीतल्या हळदीवर बसला. मी वाटी झटकायला गेले तर ताराआत्याने हात धरला. "राहू दे गो बाय. डोंगरानं पन लावली पोरीला हलद." तिने बोटाने ती धूळ आत कालवली. बाबांना ते बघवलं नाही, की आणखी थांबवलं नाही, मला सांगता येणार नाही. त्यांनी पहार उचलली. आईच्या तोंडून नुसता "अवं" निघाला. बापानेच खड्डा खणला की सगळं संपलंच होतं, आणि हे त्यांना आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त माहीत होतं. तरी त्यांनी पहार वर घेतली.

"ठेव ती खाली!"

हसुराम काका विटा तुडवत येत होते. खांद्यावर स्वतःची पहार. त्यांच्या मागे त्यांचे दोन पुतणे, आणि त्यांच्या मागे दारं उघडत होती.

"सगली घाई तूच केलीस," ते जवळ येऊन म्हणाले, "येवरं तरी थांब. हात बांध आनी उबा ऱ्हा."

बाबांनी पहार ठेवली आणि हात बांधून उभे राहिले. हसुराम काकांनी पहिला घाव घातला. त्या जमिनीत पहार कशी सहज जाते, हे मी विसरले होते. नव्या घरासमोर खिळासुद्धा गेला नसता.

खांब उभे राहिले, वासे बांधले गेले, बायका आल्या, ताराआत्याने पान तोंडातून काढून आवाज लावला. पण वर टाकायला कापड नव्हतं आणि ऊन डोक्यावर होतं. बाबा म्हणाले, "मी आनलंय," आणि स्कूटरवरची एक जाड गुंडाळी घेऊन आले. पोरांनी ती वाशांवर ताणली. पांढरीशुभ्र पाठ खाली, छापील बाजू आभाळाकडे. कुठून आणली हे कुणी विचारलं नाही. बाबांनी सगळा विचार केला होता, एक सोडून. थोड्याच वेळात ऊन आणखी कडक झालं, किरण वरून थेट पडले, आणि पांढऱ्या छतातून रंग झिरपायला लागले. आधी सोनेरी किल्ली दिसली. मग ती धरलेले हात. मग दात. बाबा स्वतःच्या पोरीच्या हळदीवर, सगळ्या गावाच्या डोक्यावर, पसरून हसत होते.

ताराआत्याचं गाणं बंद पडलं. सगळ्यांनी वर पाहिलं, मग खाली बाबांकडे. बाबांनी मान खाली घातली होती. हसुराम काकांनी मात्र मान मागे टाकून ते छत या कडेपासून त्या कडेपर्यंत नीट बघितलं, जाळ्यात काय आलंय ते बघावं तसं.

"बाल्या," ते म्हणाले, "चावी झकास हाय रं. घर कुटं हाय?"

पहिली हसली ती वनिता. तोंडभर हळद घेऊन, दगडावर वाकून हसली. मग बायका हसल्या, मग पुतणे, मग दूर पाठ करून बसलेला पहारेकरीही, काय झालं ते न कळता. बाबा सगळ्यांत शेवटी हसले, आणि फोटोत दिसतात त्यापेक्षा फार वेगळे दिसले.

पुढच्या आठवड्यात जेसीबी आला आणि खांबांचे चार खड्डे जोत्यासकट गेले. गावही यथावकाश मागून आलं, हसुराम काका सगळ्यात शेवटी, आणि शपथेचं त्यांनी देवीशी परस्पर काय मिटवलं ते त्यांनाच ठाऊक. आज माझ्या खिडकीवरून विमान उतरायला जातं, तेव्हा त्यातल्या लोकांना पट्टे बांधून बसायला सांगत असतील. आमच्या बाबांना ते कधी जमलं नसतं. पण त्या हळदीच्या दिवशी ते बसले होते. पहिली पंगत उठली, दुसरी उठली, ऊन उतरून छत पुन्हा नुसतं पांढरं झालं, तरी ते हसुराम काकांच्या शेजारी मांडी घालून ताटावर होते. सवयीने उठायला म्हणून त्यांनी पाण्याला हात घातला तसं काकांनी त्यांचं मनगट धरलं आणि दुसऱ्या हाताने त्यांच्या पानात आणखी एक वडा टाकला.

"खा सावकाश. आता कुटं जायाचं हाय तुला?"

बाबांनी वडा मोडला.